शिट्टीची साक्ष

दाजी, सप्रेम नमस्कार.

हे पत्र टपालात पडणार नाही, म्हणून खरं लिहितो.

रुळांवर काम करताना इंजिनाखाली तुमचा पाय गेला, तेव्हा मी समोरच माझ्या कँटीनमध्ये होतो. चौकशीत साहेबांनी विचारलं, "इंजिनाची शिट्टी ऐकलीत?" माझ्या कानांची ख्याती यार्डभर, स्टोव्ह फुरफुरत असतानाही मी आवाजावरून इंजिन ओळखतो. शिट्टी वाजलीच नव्हती. मी म्हणालो, "ऐकली." कँटीनचा ठेका साहेबांच्याच सहीनं मिळतो.

मग चूक तुमची ठरली आणि भरपाईचा अर्ज फेटाळला गेला. ताई तुम्हाला बजावते, "माझा भाऊ खोटं बोलायचा नाही. तुमचंच लक्ष नसणार." आता तुम्हीही तसंच म्हणायला लागलात.

अपिलाची मुदत काल संपली. म्हणून तर आज लिहायला धीर आला.

तुमचा मेहुणा