रूबीच्या पोत्याला पासपोर्ट कशाला

१२ मार्च २०१६
आज बोटीने आलं: बाबांच्या बटाट्यांचं बियाणं, एक पोतं, भाडं नऊ पौंड (गेल्या साली साडेआठ. लूट आहे). आल्याची बिस्किटं, एक डबा, फुकट, त्यातली चार फुटलेली. ह्यांच्यासाठी लोकरीचे मोजे, वापरलेले वाटतात.

पाठवणारी रूबी, माझी धाकटी बहीण. स्कॉटलंडात बाबांचं शेत तीच बघते. मी लग्न होऊन समुद्राच्या ह्या बाजूला, नॉर्दर्न आयर्लंडला आले. आईबाबा गेले, आम्ही दोघी दोनदा बोलेनाशा झालो, पण पोतं चुकलं नाही. हा बटाटा बाजारात मिळत नाही. बाबांनी स्वतः राखलेला. पोतं उघडलं की त्यांच्या कोटाचा वास येतो.

बारके उरले ते बादलीसकट भाजीवाल्या डेसी मॅकटीरला दिले. पन्नास पेन्स घेतले. त्याने ते सीमेपलीकडे, आयर्लंड देशातल्या डोनेगॉलला आपल्या बहिणीकडे धाडले. ती कॅथलिक मठात नन आहे. बाबा आयुष्यभर पक्के प्रेस्बिटेरियन प्रॉटेस्टंट, आणि त्यांचे बटाटे आता मठाच्या परसात. शिसारी आली. पैसे परत केले नाहीत.

९ जून २०१६, रात्री
चर्चच्या हॉलमध्ये चर्चा. विषय: युरोपच्या युनियनमधून बाहेर पडलो तर व्यापाराचं काय. चहा महिला मंडळाचा, म्हणजे माझा. पाळकसाहेब म्हणाले, निश्चित सांगता येत नाही. बँकेतून रिटायर झालेले एक जण अर्धा तास आकडे बोलले आणि शेवटी म्हणाले, निश्चित सांगता येत नाही. ह्यांनी पाचवं बिस्किट घेतलं.

डेसी आगंतुकासारखा मागे उभा. म्हणाला, "वहिनी, डोनेगॉल तर युनियनमध्येच राहणार. तिथल्या रस्त्यावर सीमा नको म्हणता, मग ती ठेवणार कुठे? समुद्रात?" मी म्हटलं, समुद्राला कुंपण घालून दाखव. टाळ्या पडल्या. जोरात येऊन पुढे म्हटलं, आम्ही आणि स्कॉटलंड एकाच राणीची माणसं. रूबीच्या पोत्याला पासपोर्ट लागला, तर तुझ्या बहिणीच्या मठात जेवायला येईन. पुन्हा टाळ्या. पाळकसाहेबही हसले.

२४ जून २०१६
मतांचा निकाल लागला. युनियनमधून सुटलो. देवाने ऐकलं. ह्यांना विचारलं, आता काय काय स्वस्त होईल? म्हणाले, बघू. ह्या माणसाला कशाचा आनंद होत नाही.
ठराव: आजपासून युरोपचं काही तोंडात घालायचं नाही.
दुपारी: फ्रेंच चीज अर्धं शिल्लक. पैसे मोजलेले आहेत. ठराव सोमवारपासून.

१७ ऑक्टोबर २०१९
तीन वर्षं झाली, तीच माणसं टीव्हीवर तेच ओरडतात. किळस येते. टीव्ही बंद ठेवला. विजेची बचत.

२ डिसेंबर २०२०
रूबीचं पत्र. गुडघे गेले, शेत विकलं, मुलीकडे राहायला जाते आहे. येत्या मार्चचं पोतं शेवटचं, पुढे बियाणं तूच राख. खाली लिहिलंय, नवीन वर्षापासून नियम बदलतात म्हणे, चौकशी कर. बहिणीने बहिणीला बटाटे धाडायचे, त्यात चौकशी कसली. केली नाही.

घरचं बियाणं सुरकुतलं होतं. ताजं येणारच आहे, हे उंदरांसाठी कशाला ठेवा? सगळे उकडले. लोणी लावून चांगले लागले. ह्यांनी विचारलं, थोडे ठेवले असतेस? ह्यांना काटकसर कळत नाही.

११ मार्च २०२१
आलं: काही नाही. भाडं बारा पौंड, तरीही.
पोतं बंदरावर अडवलं. फोन केला. तिथली बाई गोड आवाजात म्हणाली, स्कॉटलंडचं बियाणं आता इकडे चालत नाही, युनियनच्या बाहेरचं आहे. मी म्हटलं, अगं बाई, आम्हीही बाहेरच आहोत. ती म्हणाली, "तुम्ही बाहेर आहात, पण बटाट्यांपुरत्या आत आहात."
पोतं त्यांनी तिथेच जाळून टाकलं. खर्च माझ्याकडून घेतला. दिला. घासाघीस सुचली नाही.

२० मार्च २०२१
दोष कोणाचा ते शांतपणे बसून पाहिलं. लंडनचा. युरोपचा. बंदरावरच्या बाईचा. रूबीचा, तिने माती नीट पुसली नसणार. माझा तपासला. सापडला नाही.
वाफा खणून तयार आहे. रिकामा. ह्यांनी त्यात कांदे लावू का विचारलं.

संध्याकाळी डेसी दारात. म्हणाला, "वहिनी, तुमच्या बाबांचे बटाटे मठात अजून आहेत. ननबाई दर साली लावतात. डोनेगॉलहून आणायला कोणी अडवत नाही, माझ्या व्हॅनमध्ये रोज येतात-जातात. ती म्हणते, एक पोतं बाजूला काढलंय, पण बाईंनी स्वतः येऊन, जेवून न्यावं." म्हणजे ह्याने तिला हॉलमधलं सगळं सांगितलेलं. हसला नाही. हसला असता तर दार लावून घेता आलं असतं.

३ एप्रिल २०२१
पत्राचा मसुदा. आधीचे तीन फाडले, मागची बाजू हिशेबाला ठेवली.

"माननीय सिस्टर अट्रॅक्टा,
पाच वर्षांपूर्वी तुमच्याकडे एक बादली बटाटे आले. ते माझ्या वडिलांचे. तेव्हा घेतलेले पन्नास पेन्स सोबत परत करत आहे. लागवडीचे दिवस जात आहेत, म्हणून पोतं आधी डेसीबरोबर पाठवावं. जेवायला मी कोरोनाचे निर्बंध उठले की येईन. बोलले होते, म्हणून येईन. प्रार्थना घरून करून येईन, तिथे फक्त जेवेन. जेवणात तेच बटाटे असले तर बरं. बाबा ते सालासकट खात, मीठ लावून.
बादलीही माझीच आहे, ती असू द्या.
आमचा पोस्टमन आमच्याच चर्चचा, म्हणून उत्तराच्या पाकिटावर मठाचं नाव नको. पोतं निघालं की उलट टपाली कळवावं."