आई टॅबलेट ढकलायची तेव्हा

प्रिय ठके,

आई ठीक आहे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकलं, म्हणजे पुढचं तू उभ्याने न वाचता नीट बसून वाचशील. बेकरीतल्या कामाच्या मधे वाचू नकोस. घरी जा, हातपाय धू आणि मग वाच. मला पत्र लिहायची सवय नाही हे तुला माहीतच आहे. शाळेत माझे निबंधसुद्धा तूच लिहून द्यायचीस. पण हे फोनवर सांगायला मी तीन वेळा तुझा नंबर लावला आणि तिन्ही वेळा तुझ्या ओव्हनचं तापमान विचारून ठेवून दिला. तुलाही वाटलं असेल, दादाला आताच पावाचा एवढा पुळका कुठून आला.

आधी घरची खबर. आई आता काठी घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते. उजवा हात अजून पूर्ण उठत नाही, पण कपाचा कान धरता येतो. दिवसभर तिच्याजवळ थांबणाऱ्या मावशी खमक्या आहेत, व्यायाम चुकवू देत नाहीत. आणि ठके, आई बोलते. आठ महिन्यांपूर्वी झटका आला तेव्हा तिची वाचा पार गेली होती, ती हळूहळू परत येते आहे. हे मी तुला फोनवर सांगितलं नाही. दर आठवड्याला तू विचारायचीस, कशी आहे, आणि मी म्हणायचो, आहे तशीच. ते खोटं होतं.

दवाखान्यातून आईला घरी आणलं तेव्हाचं आठवून बघ. बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं की ओळखीचा चेहरा सावकाश बोलताना तिला रोज दाखवा, ओठ बघून बघून तिची जीभ वळेल. तू लगेच यायला निघाली होतीस. मीच म्हटलं, थांब. डॉक्टरांनी तिला त्रास होईल असं काही करू नका म्हटलं होतं, आणि तुमच्या दोघींचं चार वर्षं बोलणं नव्हतं. शिक्षिकेचं प्रशिक्षण अर्ध्यावर सोडून तू पाव भाजायला शिकायला गेलीस, तेव्हा आई भरल्या घरात म्हणाली होती की परत मला तोंड दाखवू नकोस. म्हणून मी शहाणपणा केला. म्हटलं, आधी तू व्हिडिओ पाठव, तिचा कल कळू दे, मग ये. तू बेकरीच्या कोठारात पिठाच्या पोत्यांवर फोन टेकवून एकतीस व्हिडिओ केलेस. पाणी, चादर, खिडकी, माझं नाव आहे, मला भूक लागली आहे. एकात तुझ्या हनुवटीला पीठ लागलंय आणि तुला पत्ताच नाही.

ते व्हिडिओ आईच्या जुन्या टॅबलेटवर लावले तर आवाज नुसता, पडदा काळा. आता हा माझा धंदा. गल्लीत कुणाचाही फोन बंद पडला की माझ्या दुकानात येतो, माझ्या हाताला यश आहे असं लोक म्हणतात आणि मीही मान हलवतो. मला कारण एका नजरेत कळलं. तुला सोपं करून सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. व्हिडिओ म्हणजे घट्ट दाबून बांधलेलं गाठोडं. ते सोडवायला टॅबलेटच्या चिपमध्ये एक वेगळा भाग असतो, त्याला हार्डवेअर डिकोडर म्हणतात. त्याला ठरावीक पद्धतीच्याच गाठी सोडवता येतात, पण त्या तो झटपट सोडवतो आणि टॅबलेट गार राहतो. तुझा फोन नवा, त्याची बांधायची पद्धत नवी. आईच्या टॅबलेटच्या त्या भागाला ती येतच नव्हती. अशा वेळी दुसरी सोय असते, सॉफ्टवेअर डिकोडिंग. म्हणजे तेच काम मुख्य प्रोसेसरकडून करून घ्यायचं. तो कुठलीही गाठ सोडवतो, पण जुना असेल तर त्याची दमछाक होते. टॅबलेट तापतो, बॅटरी भराभर उतरते, आणि आवाज पुढे जातो, चित्र मागे राहतं.

मी काय केलं? प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन हार्डवेअरचं सॉफ्टवेअर केलं. दोन सेकंदांचं काम. काळ्या पडद्यावर तुझा चेहरा उमटला, दहाएक सेकंद बघितला आणि कॉलर ताठ केली. पहिली दहा सेकंदं सगळं ठीकच दिसतं गं. गडबड होते ती मिनिटा-दोन मिनिटांनी, आणि तुझा एकेक व्हिडिओ आठ-आठ मिनिटांचा. दुकानात गिऱ्हाइकाचा टॅबलेट मी अर्धा तास चालवून बघितल्याशिवाय परत देत नाही. आईचा दहा सेकंदांत दिला. रोज सकाळी तिच्या मांडीवर तो ठेवायचा, व्हिडिओ लावायचा आणि दुकान गाठायचं. एकही व्हिडिओ मी तिच्या शेजारी बसून शेवटपर्यंत बघितला नाही. त्या दिवसांत मला वेळ नव्हता असंही नाही. तिला बोलता न येताना बघवत नव्हतं, म्हणून पळायचो.

दुकानाला निघायच्या घाईत मी दारातून बघायचो. आई सुरुवातीला टक लावून बघायची, ओठ हलवायची, मग कपाळाला आठ्या पडायच्या. तू पाणी म्हणायचीस तेव्हा तुझे ओठ आधीच्या शब्दावर असायचे. कानाने एक ऐकायचं आणि डोळ्याने दुसरं बघायचं, धडधाकट माणूसही गोंधळेल. ती गोंधळली की मी चिडायचो. आई, लक्ष दे ना, असं वरच्या पट्टीत म्हणायचो. एकदा तर म्हणालो की तुला बरंच व्हायचं नाहीये. तिला उत्तर देता येत नव्हतं, हे ठाऊक असून म्हणालो. आणि थोड्या वेळाने ती डाव्या हाताने टॅबलेट बाजूला ढकलायची. रोज. मी परत ठेवला की परत ढकलायची, तोंडाने काहीतरी ओ ओ करायची, डोळ्यांत पाणी यायचं. मावशी मला एकदा म्हणाल्या होत्या, अहो, ते फार गरम होतं. मी म्हटलं, मावशी, सगळेच होतात, हे काम माझं आहे. आईच्या मांडीवर लाल चट्टा उठला तेव्हा मी शेकायच्या पिशवीला दोष दिला आणि मलम लावलं.

मग मी तुला फोन केला. शब्द न् शब्द आठवतात मला. म्हटलं, ठके, ती तुझा चेहरा दिसला की टॅबलेट ढकलून देते, रडते, तिला अजून नको आहेस तू. तू नुसतं बरं म्हणालीस. त्यानंतर तू यायचं नाव काढलं नाहीस आणि नवा व्हिडिओही पाठवला नाहीस. कशी पाठवणार? आई चार वर्षांपूर्वी जे तोंडाने म्हणाली होती तेच आता हाताने सांगते आहे, असं मीच तुझ्या मनात भरवलं.

आता एक गोष्ट लिहितो, ती लिहिताना लाज वाटते. तुला ते सांगताना मला पुरतं वाईट वाटलं नव्हतं. आत कुठेतरी बरं वाटलं होतं. लहानपणापासून तू तिची लाडकी. मी गणितात पास झालो तर तिला हायसं वाटायचं, तू नुसती शिंकलीस तरी घर डोक्यावर घ्यायची. तू निघून गेलीस, मी राहिलो, तिचं अंथरूण बदललं, तिला घास भरवले. मनात आलं, आता तरी दिसेल हिला, कोण जवळ आहे. सख्ख्या भावाने असं मनात आणू नये. पण मी आणलं.

दोन महिन्यांनी दुकानात एक शिंपीण आली. ती टॅबलेटवर शिवणाचे धडे बघून नवे नमुने शिकते. तक्रार काय, तर शिकवणारी बाई आधी बोलते आणि तिचे हात मागाहून हलतात, कुठे कात्री लावायची तेच कळत नाही. वर म्हणाली, इस्त्रीसारखा तापतो हो, मांडीवर ठेववत नाही, ढकलून द्यावा लागतो. मी सेटिंग उघडलं. सॉफ्टवेअरवर होतं. मी तिथेच स्टुलावर बसलो. ती बाई विचारत होती, काय झालं, दुरुस्त होईल ना. ढकलून द्यावा लागतो. आई तुला ढकलत नव्हती ठके. आईला चटका बसत होता. तिला भाजतंय एवढा शब्द बोलता येत नव्हता, आणि मी तो शब्द शिकायचा व्हिडिओ तिच्या मांडीवर तापत ठेवून जात होतो.

त्याच दुपारी तुझे एकतीसच्या एकतीस व्हिडिओ दुकानातल्या कॉम्प्युटरवर जुन्या पद्धतीत बदलून घेतले, म्हणजे त्या टॅबलेटच्या हार्डवेअरला सोडवता येतील असे. तासाभराचं काम होतं. पहिल्याच दिवशी करता आलं असतं. घरी येऊन ते लावले, मांडीवर उशी, उशीवर टॅबलेट, आणि या वेळी शेजारी बसलो. टॅबलेट गार राहिला. तुझे ओठ आणि तुझा आवाज एकत्र चालले. आईने आठ मिनिटांत एकदाही हात उचलला नाही. दुसरा लाव म्हणून तिने बोटाने खूण केली. त्यानंतर तिने दिवसाला चार-पाच वेळा बघितलं. पंधरवड्यात पाणी म्हणाली, मग चादर, मग मला भूक लागली आहे, अगदी तुझ्यासारखं शेवट लांबवून.

ही सगळी तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. तीन महिने मी मूग गिळून बसलो. आज सांगू, उद्या सांगू. सांगायचं म्हणजे माझ्या हाताला यश नाही हे कबूल करायचं, ते एक वेळ केलं असतं. पण तू विचारशील की इतके दिवस का सांगितलं नाहीस, याच भीतीने आणखी दिवस घालवले. आईही तुझ्याबद्दल खुणेने विचारायची. मी म्हणायचो, तिला काम फार असतं.

परवा सकाळी एकतिसावा व्हिडिओ संपला आणि आईने टॅबलेट माझ्याकडे वळवला. बराच वेळ ओठ जुळवत राहिली. आजवर तुझं ऐकून म्हटलेलीच वाक्यं तिला यायची. हे तिचं स्वतःचं पहिलं वाक्य. तिने विचारलं, ती माझ्यावर रागावली आहे का रे. व्हिडिओ यायचे थांबले, तू येत नाहीस, फोनवर तिच्याशी बोलायचं म्हणत नाहीस, यावरून तिने स्वतःपुरता अर्थ लावला होता. तीन महिने ती रोज तुझा चेहरा बघत होती, आणि मनात धरून होती की मुलीने आपल्याला माफ केलेलं नाही. मग मला राहवलं नाही. तिचा हात धरून सगळं सांगितलं. सेटिंग, चटका, तुला केलेला फोन, सगळं. तिने ऐकून घेतलं. हात सोडवून घेतला. म्हणाली, तिला कळव. त्यानंतर ती मावशींशी बोलते, खिडकीत येणाऱ्या शेजारणीशी बोलते, माझ्याशी मात्र दोन दिवसांत एक शब्द बोललेली नाही. तेही तिला आता करता येतं. ते माझं मी बघीन. तू ये. नवा व्हिडिओ पाठवू नकोस, तूच ये. तिने तुझ्यासाठी एक वाक्य घोकायला घेतलं आहे. मी खोलीत गेलो की थांबते, म्हणून ते काय आहे मला माहीत नाही.

तुझाच,
दादा