वादळवीराचे दाजी

मेहुणेबुवांना दाजींचे भरघोस आशीर्वाद. (संताप अनावर झाला आहे, पण वयाने लहान माणसाला पहिल्या ओळीत आशीर्वाद द्यावा आणि खरडपट्टी दुसरीपासून सुरू करावी, असं आमचं वळण.) खोकला कसा आहे? ओल्या केसांनी खिडकीशी चित्रं काढत बसू नकोस, हे तुझ्या ताईचं म्हणणं. बसलास तर माझी हरकत नाही, हे माझं. इकडे ताई मजेत आहे, तुझी भाची मजेत आहे. घरात मजेत नसलेला मनुष्य एकच, आणि तो का नाही हे तुला पक्कं ठाऊक आहे.

वादळवीराच्या चित्रकथा मी अर्ध्या चड्डीत होतो तेव्हापासून वाचतो आहे. गेल्या वर्षी ही मालिका लिहायला आणि काढायला तुझ्याकडे आली, तेव्हा लिफ्टदुरुस्तीच्या आमच्या अख्ख्या कंपनीला मी चहा पाजला. ('वादळवीर आता आमच्या मेहुण्याच्या हातात आहे,' असं प्रत्येक कपागणिक सांगितलं. तो चहा अजून घशाशी येतो.) आणि तू त्याचं केलंस काय? गंजासुराशी झालेल्या झटापटीत वादळवीराची केप वरपासून खालपर्यंत फाटली. पुढच्या अंकात ती अखंड, वर इस्त्री केलेली. हा मनुष्य एकटा राहतो, त्याला साधं बटण लावता येत नाही हे तूच दाखवलंस, मग ती शिवली कोणी? गंजासुराने? ज्याने नुसतं बोट लावलं की लोखंडी पूल गंजून कोसळतो, तो खलनायक परवाच्या अंकात लोखंडी खुर्चीत आरामात पाय पसरून बसला आहे. आणि मरणाचा तर तू पोरखेळ करून टाकलास. वादळवीर एका वर्षात दोनदा मेला आणि दोनदा परत आला. पहिल्यांदा मी जेवलो नाही. दुसऱ्यांदा मी आणखी भात मागून घेतला.

आता त्या नव्या पात्राबद्दल. वादळवीराला तू मध्येच एक दाजी काढून दिलास. धंदा लिफ्टदुरुस्तीचा. हे गृहस्थ लिफ्ट दुरुस्त करायला जातात, तिच्यातच अडकतात, 'वाचवा, वाचवा' करून बोंबलतात, मग वादळवीर भिंत फोडून येतो आणि त्यांना काखोटीला मारून बाहेर काढतो. अंकामागून अंक हेच. मिशा माझ्या. डोक्यावरचे (उरलेले) केस माझे. आणि तो तपकिरी स्वेटर, ज्याची डावी बाही उजवीपेक्षा वीतभर लांब आहे, तसला स्वेटर जगात एकच असून तो तुझ्या ताईने विणलेला आहे. तिनेच तो आधी ओळखला. आपली विणकामातली चूक चारचौघांत गेली म्हणून ती तुझ्यावर फुगून बसली. त्या स्वेटरच्या आत तिचा नवरा होता आणि तो बोंबलत होता, याचं तिला हसूच आलं. आणि आता ताज्या अंकाच्या शेवटच्या पानावर तू लाल अक्षरांत जाहीर केलं आहेस, 'पुढच्या अंकात: दाजींचा अंत'. यावर मला काहीही म्हणायचं नाही. मार खुशाल.

म्हणायचं आहे ते लिफ्टबद्दल. तुझ्या चित्रात लिफ्टचा एकुलता एक दोर तुटतो आणि ती तळापर्यंत कोसळत जाते, दाजी दोन पानं ओरडत. अरे, दोर एक नसतो, चार-पाच असतात. सगळे तुटले तरी वेग वाढल्याबरोबर लिफ्टच्या तळाचे जबडे बाजूच्या रुळांना आवळून धरतात. हे मी तुला आमच्याकडे जेवताना दोन चमचे आणि एक वाटी घेऊन समजावलं होतं, आणि तू मान डोलावली होतीस. (तू मान डोलावत होतास की माझ्या मिशांचा अभ्यास करत होतास, ते आता कळलं.) आमच्या साहेबांनी ते पान सूचनाफलकावर लावलं, सुरक्षेच्या नियमांच्या बरोबर खाली. तेही मी मूग गिळून सहन केलं. पण गेल्या आठवड्यात दातांच्या एका दवाखान्याच्या इमारतीत लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये बंद पडली. आत एक हिशेबनीस, आधीच दाढ दुखत असलेला. मी वरच्या मजल्यावरून दार उघडलं, डोकं आत घातलं आणि धीर देणार, इतक्यात त्याने माझ्या मिशा पाहिल्या, बाही पाहिली आणि मटकन खाली बसला. म्हणाला, "तुम्ही आलात? मग आता तुम्हाला बाहेर कोण काढणार?" मी त्याला सुखरूप वर घेतलं, दाताच्या डॉक्टरांच्या दारापर्यंत पोचवलं. आभार मानायचे सोडून तो सारखा खिडकीकडे बघत होता. वादळवीर आला नाही म्हणून हिरमुसला होता. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालची एक लिफ्ट पडलेली नाही, आणि माझं हसं झालं ते घरच्या माणसाकडून. आपलेच दात, आपलेच ओठ, बोलायचं कोणाला.

तेव्हा माझा निर्णय ऐक. तुझे अंक वाचणं मी बंद केलं आहे. त्या दाजींना कड्यावरून ढकल, गंजासुराकडून गंजवून टाक, मी चौकशीसुद्धा करणार नाही. (गंजासुर फक्त लोखंड गंजवू शकतो, माणूस नाही, हे तूच लिहून बसला आहेस. तेवढं लक्षात असू दे म्हणजे झालं.) ताईचा निरोप असा की खोकल्याचं औषध बाटलीत ठेवून गुण येत नाही.

तुझ्या बहिणीशी लग्न केल्यामुळे नाइलाजाने तुझाच,
दाजी

ता. क. पत्र पाकिटात घातलं होतं, परत बाहेर काढलं. दाजींना मारू नकोस. वादळवीर मेला तर परत येतो, त्याच्यावाचून अंक निघणार कसा? दाजींना कोण परत आणणार? त्यांच्याकडे ना शक्ती, ना केप. शिवाय तुझी भाची. कॉलेजात गेल्यापासून ती माझ्याशी 'हो', 'नको' आणि 'दार लावून घ्या' एवढंच बोलते. पण अंक आला की माझ्या खुर्चीच्या हातावर येऊन बसते आणि दाजींचं सगळं बोलणं माझ्या आवाजात म्हणून दाखवते. मी चिडतो, मग ती आणखी म्हणते. त्या दिवशीचा चहाही तीच करते. ती लाल अक्षरं वाचली आणि अंक मिटून आपल्या खोलीत निघून गेली. मला फार वाईट वाटलं.

ता. क. दुसरा. दाजी जगणारच असतील, तर एकदा लिफ्टचं दार त्यांचं त्यांना उघडू दे. वादळवीर तेव्हा खोकला होऊन घरी पडलेला असू दे. मी काही खोटं काढायला सांगत नाही. तू चित्रकला शिकत होतास तेव्हा एकदा माझं काम बघायला आलास, वीज गेली आणि आपण दोघं अंधारात अडकलो. दार आतून मी उघडलं आणि आधी तुला वर ढकललं. 'वाचवा, वाचवा' कोण ओरडत होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ता. क. शेवटचा. स्वेटरची बाही मात्र चित्रात आहे तशीच लांब ठेव. तुझ्या ताईने दोन्ही बाह्या अगदी सारख्या विणल्या होत्या. दार उघडेपर्यंत तू डावीला लोंबकळत होतास. घरी आल्यावर ती बाहीकडे बघून म्हणाली, माझे टाके चुकले वाटतं. मी म्हणालो, चुकू देत, मला अशीच आवडते.