मुठीत न येणारे केस

सोमवार, ८ जुलै
दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. गुडघा कसा आहे? तेल चोळत जा, नुसतं 'चोळते गं, चोळते' म्हणू नकोस. मी बरी आहे. पार्लर चाललंय. मागच्या गल्लीत एक चकाचक दुकान उघडलंय, पण माझ्या बायका कुठे जात नाहीत. त्यांची अर्धी गुपितं माझ्याकडे अडकलीत ना! आणि हो, माझा फोटो मागू नकोस. मीही केस बारीक केलेत, अगदी तुझ्यासारखे. आता तरी लोक आपल्याला सख्ख्या बहिणी म्हणतील.

पत्र बघून तू चक्रावली असशील, त्यातून शाळेच्या पत्त्यावर आलेलं. घरी पाठवलं असतं तर भावोजींनीच आधी फोडलं असतं. फोनवर बोलायची सोय उरली नाही. माझा फोन सोन्याने लावून दिलाय. मी कुठे आहे, कुणाशी किती वेळ बोलले, सगळं त्याला दिसतं. मला आपलं वाटायचं, केवढी काळजी करतो पोरगा मावशीची!

सोन्याबद्दलच लिहायचंय. खुशाल आहे तो, घाबरू नकोस. नाही, खोटं कशाला लिहू? घाबर. मी घाबरलेय.

आज पार्लरला सुट्टी. शटर अर्धं खाली ओढून आतल्या खोलीत टॉवेलांच्या ढिगाशेजारी बसलेय. सोन्या कॉलेजात आहे, म्हणजे तसं सांगून गेलाय. इथली किल्ली त्याच्याकडेही असते. बाहेर स्कूटर थांबली की माझं पेन थांबतं.

तुझं लेकरू गुणाचं आहे, हे आधी लिहिते, कारण ते खरं आहे. माझ्याकडे राहायला आल्यापासून ड्रायर दुरुस्त करतो, पाण्याचे कॅन उचलतो, गिऱ्हाइकांना 'काकू, दहा वर्षांनी लहान दिसताय' म्हणून खूश करतो. शेजारच्या औषधांच्या दुकानवालीच्या लेकीशी त्याचं सूत जुळलं तेव्हा मला गंमतच वाटली. पोरगी सोळा वर्षांची, केस कमरेच्या खाली. आम्ही सगळ्या तिला वेणीच म्हणतो. सोन्या तिचं दप्तर उचलायचा आणि मी दोघांना चिडवायचे. तीही मला मावशी म्हणायला लागली.

एकदा ती टोकं कापून घ्यायला बसली असताना फोन वाजला. तिने घाईघाईने आरशासकट स्वतःचा फोटो काढून पाठवला. मी म्हटलं, "काय गं, हजेरी देतेस की काय?" सगळ्या खिदळल्या. तीही हसली. ताई, ती हजेरीच होती गं.

मग एका सोमवारी एका संस्थेच्या बाई आल्या. रस्त्यावरच्या सगळ्या पार्लरवाल्यांना बोलावलं होतं. कोवळ्या वयातल्या प्रेमात मारहाण, धाकदपटशा कसा शिरतो ते त्या सांगत होत्या. आधी फोन तपासतो, मग मैत्रिणी तोडतो, मग कपडे ठरवतो, आणि प्रत्येक वेळी 'प्रेम आहे म्हणून' असं म्हणतो. बायकामुली घरी बोलत नाहीत, पण खुर्चीत बसल्या की आरशाशी बोलतात, म्हणून तुम्ही कान उघडे ठेवा, म्हणाल्या. मी म्हटलं, "बाई, आम्ही केस कापायचे की पोलीस चौकी चालवायची?" त्या रागावल्या नाहीत. मदतीचा नंबर असलेली एक चिठ्ठी दिली आणि बाथरूममध्ये आतल्या बाजूने लावा म्हणाल्या, तिथे बाई एकटी असते. मी लावली. आठवड्याभरात कुणीतरी ती फाडून टाकली. पुन्हा लावली, पुन्हा फाडली. गिऱ्हाइकांच्या पोरांवर खेकसले मी.

थांब, कुणीतरी शटर वाजवतंय.

पाणीवाला होता. पत्र टॉवेलांखाली कोंबलं होतं, म्हणून कागद चुरगळलाय.

तर गेल्या आठवड्यात वेणी आली. भर दुपारी, पार्लर रिकामं असताना. खुर्चीत बसली आणि म्हणाली, "मावशी, सगळे काढा."

"सगळे म्हणजे? आईला विचारलंस?"

"मुठीत येणार नाहीत इतके बारीक करा."

आधी मला अर्थच लागला नाही. केस धुवायला घेतले, तर कानामागे हात लागताच ती अंग चोरून ओरडली. बघते तर तिथे रुपयाएवढी जागा उघडी, वर खपली धरलेली. हे केस गळलेले नव्हते ताई, उपटलेले होते. एवढी वर्षं डोकी हाताळतेय, मला फरक कळतो.

बाईंनी शिकवलं होतं, आधी म्हणायचं, तुझं काही चुकलेलं नाही. मी तेच म्हटलं. ती रडली नाही. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "तुम्ही त्याच्या मावशी आहात, म्हणून मी येणारच नव्हते. पण दुसऱ्या पार्लरात गेले तर कुठे गेलीस म्हणून लगेच त्याचा फोन येतो. आज तुम्ही फक्त पार्लरवाल्या व्हाल का?"

मी झाले. केस कापले. तिची वेणी दोन्ही टोकांना रबर लावून खणात ठेवली, आजारपणात केस गेलेल्या बायकांसाठी केसांचे टोप करणाऱ्यांना देतो तशी. मग तिला विचारून तिच्या आईला हाक मारली. पोरीने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, मी तिचा हात धरून शेजारी बसले. औषधवाली उठली. दुकानात जाऊन मलम घेऊन आली आणि लेकीच्या कानामागे लावत राहिली. तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

त्या संध्याकाळी घरी गेले तर सोन्या टीव्ही बघत बसला होता. त्याच्या मुठीला ती वेणी गुंडाळलेली. माझ्या खणातून काढून आणलेली. टीव्हीवर काहीतरी विनोदी चाललं होतं आणि तो हसत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "मावशी, हे कापायला कुणी सांगितलं?" आवाज एकदम मऊ, आजारी माणसाशी बोलावं तसा.

"मीच," म्हटलं. "कोंडा झाला होता फार."

पुढचं लिहिते, आधी कामाचं सांगून घेते. पत्र अर्धवट राहायला नको.

पोरगी त्याला सोडणार आहे. संस्थेच्या बाई म्हणाल्या, सोडतानाच धोका सगळ्यात जास्त असतो, एकटीने भेटून सांगायचं नाही. म्हणून तिला मामाकडे पाठवलंय. तिच्या वर्गशिक्षिकेला सगळं ठाऊक आहे. सोन्या रोज तिच्या घरासमोर जाऊन उभा राहतो. मला म्हणतो, "ती भेटली नाही तर मी काहीतरी करून घेईन, नाहीतर तिचं करीन." मग माझ्या मांडीवर डोकं ठेवून हमसून हमसून रडतो. ताई, तेव्हा तो मला पाच वर्षांचा वाटतो, आणि त्याच्या डोक्यावर फिरणारा माझा हात भीतीने गार पडलेला असतो. हेही मी बाईंना सांगितलं. त्याच्याशी बोलायला त्यांच्याकडे एक समुपदेशक आहेत, अशी पोरं त्यांनी हाताळलीत. पण घरचं माणूस सोबत हवं म्हणाले.

औषधवाली शनिवारपर्यंत थांबलीय. मग तक्रार करणार. मी साक्ष देणार आहे. जे पाहिलं तेच सांगणार, भाचा म्हणून एक अक्षर गाळणार नाही. तू माझं तोंड बघणार नाहीस, याची मला आजवर कशाची वाटली नसेल एवढी भीती वाटतेय. पण त्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर मला आरशासमोर उभं राहता येणार नाही, आणि माझं तर पोटच आरशावर चालतं.

शनिवारच्या आत ये. एकटी ये. 'माझा सोन्या तसला नाही' हे वाक्य घरी ठेवून ये. त्याला सांभाळायचंय तसं थांबवायचंही आहे, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला जमणार नाही.

आता मघाचं. मी कोंड्याचं बोलले आणि जेवण वाढायला वळले. त्याने मागून माझा अंबाडा धरला. जोरात नाही गं, पण मान मागे गेली आणि मला फक्त छत दिसायला लागलं. तो कानाशी म्हणाला, "मधे पडू नकोस. आई बघ कशी गप्प बसते. तुलाच काय झालंय?"

मग सोडून दिलं, जेवला, ताट धुऊन ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पार्लर उघडलं आणि आरशासमोर बसून माझ्याच हाताने माझे केस कापले.

कापता कापता तू आठवलीस. आपल्या घरात सगळ्यांत लांब केस तुझे. लग्नानंतर वर्षभरात तू ते मानेपर्यंत बारीक करून आलीस. म्हणालीस, शाळेची घाई असते, वेणी घालत कोण बसणार? मी 'मॅडम झाली आमची ताई' म्हणून चिडवलं. तू हसलीस.

ताई, तू केस का कापले होतेस?

उत्तर लिहू नकोस. ये आणि सांग. आणि सांगून झाल्यावर परत जायलाच हवं असं काही नाही. माझ्या घरात दोन खोल्या आहेत.

वाट बघतेय. तुझं काही चुकलेलं नाही.

तुझी,
आता तुझ्यासारखेच केस असलेली,
धाकटी