क्रुसावरचं नाव

गास,
१० ऑक्टोबर १९८३

प्रिय प्लासिडदादा,

येशूची कृपा तुझ्या घरावर असो. तू, रिटावहिनी आणि मुलं खुशाल असाल. आमच्याकडे यंदा केळी बरी आलीत, पानवेलीवर मात्र रोग पडलाय. विहिरीचा पंप दोनदा बिघडला. पूर्वी माझा यान तो तासाभरात सुरू करायचा. आता सोपाऱ्याहून माणूस बोलवावा लागतो, तो चार दिवसांनी उगवतो आणि आधी चहा मागतो.

गास ते गोखिवरे सायकलवर तासाचा रस्ता, तरी पोस्टानं लिहितेय. तू समोर आलास तर मी एकतर रडेन, नाहीतर हाताला लागेल ते फेकून मारेन.

मयतीला तू आला नाहीस. वहिनी म्हणाली, "यांच्या छातीत कळ आलीय." चौदा वर्षं कारखान्यातली लोखंडाची धूळ ओढली माझ्या नवऱ्यानं, आणि कळ यायची ती तुझ्या छातीत! आळीतल्या प्रत्येक घरातून माणूस आला. सख्ख्या मेव्हण्याची मूठभर माती तेवढी राहिली.

त्याला आपल्या घरी तूच आणलंस ना? आगाशीला होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचात दोघं. तुझा गोरा दोस्त म्हणून आला आणि वालाच्या आमटीवर तीन वेळा भात घेऊन गेला. महायुद्धात पोलंडमधून सायबेरिया, तिथून इराण, आणि बाराव्या वर्षी कोल्हापूरजवळच्या निर्वासितांच्या छावणीत. लढाई संपल्यावर बाकीचे बोटीनं निघून गेले, त्याची बहीणसुद्धा. त्याच्या आईला कोल्हापुरात पुरलं होतं म्हणून हा एकटा मागे राहिला. त्यामुळे मराठी बोलायचा ती अस्सल कोल्हापुरी. आपली आई त्याला मुद्दाम बोलतं करायची आणि पदर तोंडाला लावून हसायची.

लग्नाआधी चर्चमध्ये तीन रविवार नावं पुकारायची, कुणाची हरकत आहे का म्हणून. मुलगा कुठला, कुणाचा, हे आळीनं विचारलंच असतं. युक्ती तू काढलीस. राजोडीच्या डेल्फिनमावशीकडे तो भाड्यानं राहायचा, तिला पटवलंस. हा माझ्या मेलेल्या भावाचा मुलगा, असं तिनं फादरांना सांगितलं, तू साक्षीदार म्हणून सही ठोकलीस, आणि यान मिखाल्स्कीचा जॉन घोन्साल्वीस झाला. निळ्या डोळ्यांचा घोन्साल्वीस! कुणी कुजबुजलं की मावशी कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आमच्या घरान्यात पोर्तुगीज रगत हाय, कोनाला काय अडचन?" आपण पोट धरून हसलो होतो. यान हसला नव्हता. "खरं सांगून विचारू या की," एवढंच म्हणाला होता. त्याचं कोण ऐकतो!

मग त्याच नावावर रेशनकार्ड झालं, त्याच नावावर गोखिवऱ्याच्या कारखान्यात तुझ्या शब्दावर नोकरी लागली. आई आणि मावशी वारल्यावर खरी गोष्ट तिघांनाच ठाऊक होती.

गेल्या वर्षी मालकानं प्रेस मशीनवरची जाळी काढायला लावली, काम भराभर उरकावं म्हणून, आणि मशीनवरच्या बॅप्टिस्टची दोन बोटं गेली. यान म्हणाला, जाळी बसवल्याशिवाय मशीन चालवणार नाही. चाळीस माणसं त्याच्या मागे उभी राहिली. तू राहिला नाहीस. चौथ्या दिवशी मालकानं त्याला केबिनमध्ये बोलावलं. "तू परदेशी आहेस, खोट्या कागदांवर राहतोस. मुकाट राजीनामा दे, नाहीतर पोलिसांत देतो."

घरी आला, पायरीवर बसला आणि मला विचारलं, "हे बाहेर कसं गेलं, रोझी?" मी म्हटलं, मी नाही सांगितलं. मग उरलं कोण, दादा? याननं राजीनामा दिला, आणि महिन्याभरात वहिनी पेढे घेऊन आली, तू सुपरवायझर झालास म्हणून. मी ते डुकरांना घातले. आणि यान? तो मला ओरडला. "प्लासिड तसं करणार नाही. त्यानं मला घर दिलं." शेवटच्या खोकल्यापर्यंत त्याचं हेच पालुपद. असल्या माणसाला विकताना तुझी जीभ कशी रे वळली?

यापुढचं लिहायचं टाळत सकाळपासून तीनदा उठले. कोंबड्यांना दाणे घातले, नको असताना अंगण झाडलं.

मालक म्हणाला ते निम्मंच खरं होतं. यानकडे छावणीचं सरकारी कार्ड होतं, फोटो आणि शिक्क्यासकट. ते दाखवून तो सांगू शकला असता की नाव बदललं ही चूक झाली, पण मी चोरून आलेला माणूस नाही. पोलिसांची भीती त्याला उरली नसती. तीन दिवस तो ट्रंक, माळा, बायबलची पानं धुंडाळत होता. मीही त्याच्याबरोबर शोधत होते.

दादा, ते कार्ड मी चौसष्ट साली चुलीत घातलं होतं.

फ्लॉसी पोटात होती. कोल्हापूरच्या फादरांचं पाकीट आलं तेव्हा यान कामावर होता. आत त्याच्या बहिणीचं पत्र, आणि फादरांची मराठी चिठ्ठी: हालिना इंग्लंडमध्ये सापडली आहे, तुला बोलावते आहे. मला वाटलं, गेला तर हा परत येत नाही. पत्र जाळलं. कागदाशिवाय बोटीवर घेणार नाहीत म्हणून कार्डही जाळलं. बहीण मेली असं धरून तो दरवर्षी चर्चमध्ये तिच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा सांगायचा. एकोणीस वर्षं मी त्याच्या शेजारी गुडघे टेकून "आमेन" म्हटलं.

तू त्याची नोकरी घेतलीस. मी काय काय घेतलं ते आता मोजवत नाही. फ्लॉसीला परवा सगळं सांगितलं. ती माझ्या हातचं जेवत नाहीये.

फादरांनाही सांगितलं, पापं कबूल करायच्या कुमसाराच्या जाळीआडून नाही, ऑफिसात खुर्चीवर बसून. ते म्हणाले, लग्नाचा जिवंत साक्षीदार येऊन लेखी देईल तरच चर्चच्या लग्नवहीतलं नाव दुरुस्त होईल, आणि मगच क्रुसावरचं. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, सगळ्या थडग्यांवर फुलं चढतील, मेणबत्त्या लागतील. त्याच्या क्रुसावर आज ज्याचं नाव आहे तो घोन्साल्वीस कधी जन्मलाच नव्हता. त्याच्यापुढे मी मेणबत्ती कशी लावू?

येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर ये. लोक तोंडावर थुंकतील, थुंकू देत, मी शेजारी उभी असेन. तेव्हा खोटी सही हसत केली होतीस, आता खरी कर. माझी माफी मागू नकोस, ती द्यायचा हक्क मला नाही. माफ करू शकला असता असा एकच माणूस होता, आणि आपण काय केलं हे त्याला आपण दोघांनीही कळू दिलं नाही.

त्यानं ज्या दोघांवर विश्वास ठेवला, त्यांतली एक,
रोझलिन