उपाशी पट्टी

नांदेड
दि. ५ ऑक्टोबर २०२५

सौ. शिल्पावहिनींस,
दामिनीचे सप्रेम शरणार्थ.

पत्र पाहून दचकू नका, सगळं बरं आहे. फोन करून कंटाळले म्हणून लिहायला बसले. फोनवर तुम्ही ‘हाव ताई’, ‘न्हाई ताई’ एवढंच बोलता आणि फोन आव्वाच्या हातात देता. मग आव्वा गुडघ्यांचं सांगते, मी तिला तेल लावायला सांगते आणि माझं काम राहतं ते राहतंच. पत्र मात्र आव्वाकडे देता येणार नाही. तिला चष्म्याशिवाय दिसत नाही आणि चष्मा ती घालत नाही.

इकडे पाऊस एकदाचा थांबला. गोदावरी उतरली, पण आमच्या संशोधन केंद्राच्या रानात अजून पाय घोट्यापर्यंत रुततो. तुमचं सोयाबीन पाण्यात गेल्याचं दादानं लातूरहून कळवलं. डाळ मिलमध्ये सध्या सुट्टी नाही म्हणाला. म्हणजे रब्बीचंही तुमच्याच अंगावर. अप्पा ओसरीवरून नुसते सल्ले देतात, आणि तीन एकर तुम्ही एकट्या ओढता, हे मला दिसत नाही असं समजू नका.

आता मुद्द्यावर येते. दादा म्हणाला, “शिल्पा म्हणून राहिली की यंदा ताईला वावर द्यायचं न्हाई.” मी विचारलं, का? तर म्हणे, “ते तूच इचार तिला. मला कशाला मधात घेता?” म्हणून विचारते आहे.

मी काय करते ते तुम्हाला कधी धड सांगितलंच नाही. आव्वा गावभर सांगते, माझी पोरगी गव्हाला औषध देते. तसं काही नाही. आपण टाकलेल्या युरियातला अर्धाअधिक गव्हाच्या तोंडी पडतच नाही. काही हवेत उडतो, काही पाण्याबरोबर खाली जातो. आमच्या नव्या गव्हात एका रानगवताचा गुण आणला आहे, पिढ्यान्‌पिढ्या संकर करून. त्याच्या मुळांतून असं काही पाझरतं, की युरियातलं नत्र मुळांपाशी जास्त दिवस टिकून राहतं. म्हणजे थोडक्या युरियात तेवढंच पीक. निदान मला तसं वाटतं. पण मला वाटून भागत नाही, ते दाखवावं लागतं.

म्हणून गेल्या वर्षी तुमच्या वावरात तीन पट्ट्या केल्या. एकीला पूर्ण युरिया, एकीला अर्धा, एकीला काहीच नाही. प्रत्येक पट्टीत नवा गहू आणि त्याच्या शेजारी नेहमीचा. अर्ध्या युरियाच्या पट्टीत नवा गहू काय झकास आला! तुमच्याच हातानं कापला तुम्ही. मी उड्या मारत तो निकाल संगप्पा सरांकडे घेऊन गेले. हे आमचे प्रमुख, निलंग्याकडचे, हसणं त्यांच्या स्वभावात नाही. ते म्हणाले, “यानं युरिया राखला हे कशावरून? वावरातलीच ताकद जास्त ओढली असेल. बिनयुरियाच्या पट्टीत किती पिकलं ते सांगा.”

ते मला सांगता आलं नाही. त्या पट्टीत जरा गडबड झाली होती.

सरांनी आणखी एक हंगाम दिला आहे. त्याच वावरात तिन्ही पट्ट्या नीट करून दाखवा, म्हणाले. नाहीतर हा गहू इथेच थांबवू. उमरीला एक शेतकरी जागा द्यायला तयार आहे, पण ती माती वेगळी. तिथलं उत्तर सर इथल्या प्रश्नाला चालवून घेणार नाहीत. तेव्हा वहिनी, मला तुमचंच वावर पाहिजे.

एवढं लिहून पत्र संपवणार होते. पण ‘गडबड’ हा शब्द वाचून माझं मलाच कसंतरी झालं. गडबड कसली? त्या पट्टीत युरिया पडला होता. जानेवारीच्या शेवटी मी आले तेव्हा पिवळट गव्हात गर्द हिरव्या कमानी उठल्या होत्या, माणसाचा हात फिरतो तेवढ्या, एकीपुढे एक. प्रत्येक कमान डाव्या बाजूला दाट आणि उजवीकडे विरळ होत गेलेली. आपल्या घरात डाव्या हातानं खताची मूठ मारणारं दुसरं कोण आहे? डाव्या हातानं वाढता म्हणून पहिल्या वर्षी आव्वानं तुम्हाला किती छळलं होतं!

मला राग आला. लई आला. बांधावर उभी राहून मी तुमच्याशी पाण्यापासून पोरांच्या शाळेपर्यंत सगळं बोलले, तेवढं सोडून. तुम्ही चहा टाकते म्हणालात, आणि मी उशीर झाला म्हणून जीपमध्ये बसले. तेव्हापासून आपल्यात ‘हाव ताई, न्हाई ताई’ चालू आहे.

मग उन्हाळ्यात देगलूरच्या बस स्टँडवर आनंदराजकाका भेटले, आपले शेजारच्या वावरातले. चहा पाजला आणि आपणहून सुरू झाले. “तुझ्या वहिनीला आम्ही रोज चिडवायचो बग. काय वो शिल्पाबाई, गव्हाला कावीळ झाली का? बाईमाणसाच्या हातची शेती अशीच असती! पर बाई हुशार निघाली. आठ-पंधरा दिसांत केला की गहू हिरवा. आमचं तोंडच बंद!” काका कौतुक करत होते आणि मी चहा तसाच ठेवून उठले.

ती पट्टी सडकेला लागून मीच आखली होती, जीप थांबवायला सोयीची म्हणून. येणारा-जाणारा काय म्हणेल हे माझ्या मनातही आलं नाही. आणि ‘खत टाकू नका’ एवढंच सांगून मी निघाले, नणंदेनं सांगावं तसं. का टाकायचं नाही, हे तुम्हाला सांगायला काय झालं होतं? तुम्ही तर उदगीरच्या तेलाच्या दुकानात वाढलेल्या. गिऱ्हाईक डबा घेऊन आलं की तुमचे बाबा आधी रिकामा डबा तोलून त्याचा धडा करायचे, मग तेल ओतायचे. ती उपाशी पट्टी म्हणजे माझ्या वावराचा धडा. नुसती जमीन किती देते ते आधी कळलं, तरच युरियानं किती दिलं आणि गव्हानं किती राखलं ते मोजता येतं. धडाच चुकला तर पुढचं सगळं माप खोटं.

म्हणून यंदा असं करू. उपाशी पट्टी विहिरीकडे, आत घेऊ. सडकेवरून ती दिसणार नाही. वर पाटी लावू आणि तिच्यावर माझं नाव घालू, म्हणजे जो हसेल तो मला हसेल. तरीही तुम्हाला नको वाटत असेल तर नाही म्हणा. मी पुन्हा विचारीन. नाही म्हणालात तर घरी येऊन विचारीन. हा गहू मी सोडणार नाही, आणि तुमच्याशी अबोला धरून तो मला पिकवायचा नाही.

अप्पांना आणि आव्वाला शरणार्थ. पोरांना पापा.

तुमची नणंद
(एवढं पत्र वाचेपर्यंत ते नातं बाजूला ठेवलंत तर बरं)
दामिनी


मु. करडवाडी, ता. देगलूर
दि. १९ ऑक्टोबर २०२५

दामिनीताईस शिल्पाचे शरणार्थ.

पत्र पोचलं. ते आलं तेव्हा आव्वाच्या डोळ्यांवर नेमका चष्मा होता, त्यामुळे आधी त्यांनीच वाचलं. तेव्हापासून माझ्याशी जरा सांभाळून बोलतात.

युरिया मी टाकला. तुम्ही ओळखलंत ते बरं झालं, माझं सांगायचं काम वाचलं.

पण कावीळ म्हणाले म्हणून टाकला नाही. आनंदराजकाकाचं एवढं काय? सकाळी चिडवतात, संध्याकाळी दोरी मागायला येतात. मला लागलं ते वेगळंच. संक्रांतीला हे आले होते. सडकेवर उभं राहून पट्टी बघितली. तुमचा प्रयोग आहे हे त्यांना माहीत होतं, तरी म्हणाले, “राहू दे शिल्पा. फुडल्या साली वावर बटईनं देऊन टाकू. तुला न्हाई झेपायचं.” रागानं नाही, मायेनंच म्हणाले. रागानं म्हणाले असते तर मी भांडले असते. दुसऱ्या दिवशी पाण्याची पाळी होती. पाणी सोडायच्या आधी मी टोपलीभर युरिया घेऊन त्या पट्टीत उतरले. वावर दुसऱ्याच्या हातात जाईल, एवढंच डोक्यात होतं.

धड्याचं कळलं. ते आधी कळलं असतं तर यांनाही सांगता आलं असतं. मला सांगायला शब्द नव्हता, म्हणून मी मूठ मारली. माझ्यामुळे तुमचं वर्ष गेलं याचं मला फार वाईट वाटतं. रोज वाटतं. म्हणूनच फोनवर बोलवत नव्हतं, आणि पुन्हा माझ्या हातून तसंच होईल या भीतीनं वावर नाही म्हणाले.

आता देते. पण विहिरीकडे नाही.

उपाशी पट्टी सडकेलाच लागून घ्यायची, आणि गेल्या वर्षीपेक्षा रुंद. आत लपवली तर मला काहीतरी लपवायचं आहे असंच होईल, आणि कुणाला दिसलं की परत बटईचं निघेल. पिवळी पडली की माझा जीव तुटणार. रोज तुटणार. तरी युरियाचा एक दाणा पडू देणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला टाकू देणार नाही. अप्पांनाही सांगून ठेवलं आहे.

परवा हे आले होते. जेवताना त्यांना म्हटलं, वावर बटईनं जाणार न्हाई, मी करून राहिले, मीच करीन. गव्हाचंही सगळं सांगितलं, डब्याचा धडा करून दाखवला. जेवून हात धुतले. मग म्हणाले, पेरणीला दोन दिवस सुट्टी काढतो.

तुम्हीही या. जीप घेऊन परस्पर वावरात जाऊ नका, आधी घरी या. आपण दोघी मिळून पट्ट्या आखू.

आणि पाटी रंगवायला टाकण्याआधी हे वाचा. तिच्यावर तुमचं नाव नको. अप्पांचं नको, यांचंही नको. सडकेवरून वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात, खाली सही केली आहे तसंच लिहायचं.

शिल्पा
शेतकरी