पाचव्या नातीचा वाटा

मी वच्छलाबाई मुकुंद गंगापूरकर, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार गारखेडा, औरंगाबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला त्यांची गरज नाही.

१. घराच्या पुढच्या खोलीत गल्लीतल्या मुलांची गणिताची शिकवणी चालू ठेवावी. ती माझ्या हाताखाली शिकवणाऱ्या आशाबाईंनी घ्यावी. संभाव्यता शिकवताना सूत्र आधी सांगू नये. एका बाजूनं घासून पांढरे केलेले चिंचोके द्यावेत. ओळीनं चारदा काळी बाजू पडली की विचारावं, "आता?" पोरं ओरडतील, "पांढरी!" मग टाकतच राहू द्यावं. चार काळ्यांनंतर पांढरी एरवीपेक्षा जास्त येते का, हे त्यांनीच पाहावं. चिंचोक्याला मागचं आठवत नाही, हे त्यांच्या तोंडून यावं.

मी शिकले ते माझी मुलगी मीनाक्षी हिच्या पुस्तकांतून. तिला मात्र उत्तर मी सांगून टाकलं. परीक्षेत तिनं ते बरोबर लिहिलं. पुढं चार मुली झाल्यावर, डॉक्टरांनी आता बाळंतपण नको म्हणून बजावलेलं असताना, म्हणाली, "आई, आता मुलगाच. किती वेळा एकच पडंल?"

"मिने, चिंचोके विसरलीस व्हय?"

"पोटात काय चिंचोका आहे का, आई!"

दोघी हसलो. पाचवीच्या वेळी ती गेली.

२. तिचे सासरे नानासाहेब यांनी पाचवा मुलगाच म्हणून पेढे आधीच सांगून ठेवले होते. त्यांना माझ्यातलं काही नाही. माझ्या तेराव्याला आले तर वाढावं, आग्रह करू नये.

३. घर आणि बँकेतली ठेव मीनाक्षीच्या पाचही मुलींना समान. धाकट्या भानुमतीला नानासाहेब "आईला खाऊन आलेली" म्हणत. तिनं मला एकदा विचारलं, "आजी, मी मुलगा असते तर आई वाचली असती का गं?"

"नाही गं. रक्त तेवढंच गेलं असतं."

तिनं मान हलवली. परीक्षेपुरतं पाठ करणारी मुलं हलवतात तशी.

४. तिचा वाढदिवस आणि तिच्या आईचं श्राद्ध एकाच तिथीला येतं. त्यामुळं माझ्या घरात तिला कधी कोणी ओवाळलं नाही, मीही नाही. यापुढं श्राद्ध सकाळी उरकावं आणि संध्याकाळी चौघी बहिणींनी तिला पाटावर बसवून ओवाळावं. वाटण्या होण्याआधी ठेवीच्या व्याजातून पहिला खर्च याचा व्हावा.

सही: वच्छलाबाई मुकुंद गंगापूरकर
आमच्यासमक्ष सही झाली:
१. मधुसूदन पाठक, शेजारी
२. सारजाबाई काळे, दूध घालणाऱ्या
औरंगाबाद, ९ फेब्रुवारी २०११